चोर्ल्याचा हिशेब

सुळगेकर बाईंनी सातवीच्या पोरांना वही आखायला सांगितली:
ताटातला जिन्नस, कुठून आला, किती किलोमीटर, कशानं आणला.
आमच्या मलप्रभानं ती माझ्या पुढ्यात उघडली.
मी पाय धुवत होतो. टेम्पो दारात,
इंजिन गार होताना टिकटिकतं तसं टिकटिकत.

तूरडाळ कलबुर्गीची. चारशे.
तेल?
डब्यावर पत्ता गोकाकचा, खरं आत मलेशिया,
बाईंनी सांगितलंय, म्हणाली.
समुद्रातले किलोमीटर कसे मोजायचे, बाबा?
मला काय ठाऊक. मी घाटाचा माणूस.
तांदूळ येळ्ळूरचा, बारा.
नाचणा जांबोटीच्या मामाचा, तीस,
हे लिहिताना तिनं अक्षर जरा मोठं काढलं.

कोबी कडोलीचा, आठ.
तोच कोबी मी पहाटे तीनला मार्केट यार्डात भरतो,
पोती मोजून, ताडपत्री आवळून.
पिरनवाडी, जांबोटी, कणकुंबी,
मग घाट उतरून थेट म्हापसा,
कडोलीची माती देठाला चिकटलेली असते तशीच.
तिकडं हॉटेलात त्याचा कीस होतो,
निम्मा ताटाच्या कडेला उरतो
आणि मागच्या दारानं बादलीतून जातो. पाहिलंय मी.
परतीला बर्फातला बांगडा.
रस्ताभर पाणी गळतं,
मागच्या मोटरसायकली आईबापावरून शिव्या घालतात.

कणकुंबीला नदी उगवते, तिचंच नाव पोरीचं.
ती जन्मली त्या रात्री मी तिथंच अडकलो होतो,
रेडिएटर उकळलेला.
देवळाच्या कुंडातलं चार डबे पाणी घातलं
आणि निघालो.
आता त्या चढाला दुसरा गिअर टाकला की
काळा धूर झाडांत शिरतो,
नजर आपोआप आरशात जाते.
तुझी फी त्याच धुरातून येते, पोरी.
हे तोंडावर आलं होतं. गिळलं.

ती बोटांवर मोजत होती.
रोज दोनशे चाळीस, महिन्याचे पंचवीस दिवस,
अकरा वर्षं.
सात लाख ब्याण्णव हजार.
पुस्तकाची पानं फडफडवली, चंद्र शोधला.
बाबा, तुम्ही तिथं जाऊन परत आलाय,
वर तेवीस हजार जास्तीचे.
काय घेऊन गेलो होतो गं?
कोबी!
बायको आतून ओरडली, हसायला काय झालंय एवढं?

मग बांगड्याची ओळ.
लिही, म्हापसा, एकशे वीस.
तिनं शून्य घातलं.
तुम्ही रिकामे तरी येणारच होता की घरी.
मी वाद घातला. बर्फाला वजन असतं,
वजनाला डिझेल लागतं,
ट्रॉलर काय वल्ह्यावर चालतात होय?
खरं ती शून्यावरून हलली नाही.
उलट त्याला शेपूट काढली,
एक डोळा काढला.

शेवटी दूध.
डेअरी, चारशे मीटर.
कशानं आणलं: स्कूटरनं, बाबांनी.
यावर ती काही बोलली नाही.
पेनाला टोपण लावलं, झोपायला गेली.

म्हापसा मी हसण्यावारी नेला असता,
चंद्रसुद्धा.
ते चारशे मीटर मात्र दुसऱ्या दिवशी
पिरनवाडीपासून केरीपर्यंत टोचत राहिले,
घशात काटा अडकावा आणि
भाताचा गोळाही जवळ नसावा तसे.

रविवारी किटली घेऊन चालत निघालो.
दिवसाला चार डोंगर ओलांडणारा माणूस,
दुसऱ्या वळणावर गुडघे कुरकुरले.
गटारीवर नवी फरशी बसलीय, कधी बसली?
कुणाच्या परसातला कढीपत्ता छपराला लागलाय,
त्याचा वास मला ठाऊकच नव्हता,
नाकात कायम मासळी.

कल्लाप्पा कुट्रे ओट्यावर दात घासत उभा.
फेस थुंकून म्हणाला,
काय हो, गाडी बिघडली काय?

होय की, म्हटलं.